चावरी मूठ



ज्या वस्तूबद्दल मी आज बोलणार आहे, ती सोबत आणलेली नाही. आणली असती तर फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला आत सोडलं नसतं, आणि त्याचं बरोबरच होतं. तेव्हा ती तुम्हाला शब्दांतूनच दाखवायला हवी.

एक पातं आहे. पात्याच्या बुडाशी शेजारी शेजारी दोन खिळे, आणि त्या खिळ्यांवर सुट्या फिरणाऱ्या दोन मुठी. दोन्ही मुठी पुढे आणून मिटवल्या की पातं त्यांच्या खोबणीत गडप होतं. त्याच मुठी मागे नेऊन जुळवल्या की पातं बाहेर येतं आणि दोन मुठींची मिळून एक मूठ होते. टोकाला एक छोटी खिट्टी असते, ती लावली की झालं. उघडताना दोन मुठी पंखांसारख्या पसरतात म्हणून जग याला फुलपाखरी चाकू म्हणतं. त्याचं घरचं नाव आहे बालिसोंग. रामपुरीशी याची गल्लत करू नका. रामपुरीला मूठ एकच असते आणि पातं तिच्यात मिटतं. इथं मुठी दोन, आणि सगळी गंमत, सगळा धोकाही, त्या दोनपणात आहे.

याचं गाव फिलिपिन्समध्ये. मनिलाच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर बातांगास प्रांतात ताल नावाचं जुनं शहर आहे. जवळच त्याच नावाचं सरोवर आणि सरोवरात ज्वालामुखी, जो २०२० च्या जानेवारीत पुन्हा जागा झाला होता. या तालमधल्या एका वस्तीचं नावच बालिसोंग. तिथले लोहार मोटारीच्या जुन्या पाट्यांचं, बॉल बेअरिंगचं पोलाद घेऊन पाती घडवत आले आणि रेड्याचं शिंग, हाड, लाकूड, पितळ यांच्या मुठी करत आले. त्याच तालची दुसरी ख्याती आहे भरतकामाची. फिलिपिनो पुरुष सणासमारंभाला जो झिरझिरीत शर्ट घालतात, त्यावरचं नाजूक काम इथं होतं. एकाच गावात सुई आणि सुरी. हे ऐकलं तेव्हा मला त्या गावाबद्दल उगीचच माया वाटली.

तिथं हा चाकू दिखाऊ वस्तू म्हणून जन्मला नाही. दोरी कापायची, फळ सोलायचं, मासा साफ करायचा, तर एका हातात काहीतरी धरलेलं असतं. म्हणून दुसऱ्या एका हातानं उघडणारं हत्यार हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर फिलिपिन्समधल्या तळांवरचे अमेरिकन सैनिक ते आठवण म्हणून घरी घेऊन गेले. पुढे मारधाडीच्या सिनेमांनी ते उचललं. कामाचं हत्यार हातचलाखीचा खेळ झालं. आज जगभरात कितीतरी मुलं ते बोटांत फिरवतात, जसं आपल्याकडे कुणी बोटांत पेन फिरवतं.

आता तुम्ही विचाराल, कोकणातल्या खाडीकाठचा, मराठीत कविता करणारा, पन्नाशी उलटलेला माणूस या भानगडीत कसा पडला? उत्तर सोपं आहे. आमच्याकडे घराघरातला एक पोरगा जहाजावर असतो. आणि जगातल्या कुठल्याही जहाजावर जा, फिलिपिनो खलाशी भेटतोच. माझा भाचा, माझ्या आपाचा मुलगा, तेवीस वर्षांचा. त्याच्या जहाजावरचा बोसन बातांगासचा होता. कामाची पाळी संपली की तो वयस्क माणूस डेकच्या आडोशाला बसून बोथट पात्याचा बालिसोंग फिरवायचा. बोथट म्हणजे पात्याच्या जागी नुसती पट्टी, भोकं पाडलेली, ना धार ना टोक. सरावासाठी असेच मिळतात. भाचा त्याच्याकडून शिकला आणि पहिल्या सफरीवरून येताना तसलाच एक बोथट घेऊन आला.

त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. पडवीत बसून पोरगा तो फिरवायचा आणि टक, टक, टाक असा ठेका पडायचा. मी आत लिहायला बसलेला असायचो. पहिल्यांदा वैताग आला, मग कान लागला. दोन हलके ठोके आणि तिसरा भारी. भारी ठोका म्हणजे मुठी एकमेकींना भेटल्याचा. तो चुकला की मला आतल्या आत कळायचं. शेवटी एक दिवस बाहेर जाऊन म्हटलं, "दाखव रे, काय आहे हे."

त्यानं पहिली गोष्ट सांगितली ती अशी. "मामू, याला दोन मुठी आहेत. एक पात्याच्या पाठीकडची, एक धारेकडची. पाठीकडची धरली तर फिरताना बोटांवर पात्याची पाठ आपटते, फार तर ठणकतं. धारेकडची धरली तर बोटांवर धार येते. इंग्रजीत तिला चावणारी मूठ म्हणतात." आमच्या घरात पूर्वी दोन गाई होत्या, एक गरीब आणि एक मारकी. आपानं लगेच नावं ठेवली, गरीब मूठ आणि चावरी मूठ. तीच नावं घरात राहिली.

यापुढचं सगळं शिक्षण या एका प्रश्नावर उभं आहे की आत्ता माझ्या हातात कुठली मूठ आहे? मिटलेल्या चाकूच्या दोन्ही मुठी सारख्याच दिसतात. बहुतेकदा खिट्टी चावऱ्या मुठीला जोडलेली असते, ती खूण. पण सगळ्याच चाकूंत तसं नसतं आणि काहींना खिट्टीच नसते. म्हणून खिट्टीवर विसंबायचं नाही. दर वेळी मुठी जराशा विलग करून धार कुठं आहे ते डोळ्यांनी बघायचं, मगच सुरुवात. बोसननं त्याला महिनाभर एवढंच करायला लावलं होतं म्हणे. हातात घे, बघ, कुठली मूठ ते सांग, ठेव. पुन्हा घे.

मग पहिली फिरत. गरीब मूठ अंगठा आणि बोटांत धरायची, चावरी सोडायची. मनगटाच्या एका झटक्यानं ती पात्यासकट हाताच्या पाठीवरून पलीकडे जाते. मनगट परत फिरवलं की परत येते आणि तळहातात गरीब मुठीला येऊन मिळते. जोर लागत नाही. वजन आपलं आपण फिरतं, आपण फक्त वाट करून द्यायची आणि वेळेवर मूठ आवळायची. मी छप्पन्नाव्या वर्षी हे शिकलो. आठ दिवस लागले आणि बोटांची हाडं निळी झाली, तीही बोथट पट्टीनं.

याचे नियम साधे आहेत आणि कुणाच्या घरात असा पोरगा असेल तर आईबापांनी ते ऐकून ठेवावेत. धारेचा चाकू फिरवायचाच नाही. सराव बोथटावर, आणि खेळ म्हणून करायचा तर कायमच बोथटावर. पायांत बूट हवेत, अनवाणी कधीच नाही. खाली गादी किंवा जाड सतरंजी असावी. पसरलेल्या हाताच्या दीडपट अंतरात कुणी नको, मूल नको, मांजरही नको. हात ओला किंवा तेलकट नको. बसण्याआधी खिळे ढिले झालेत का ते बघायचं, कारण मुठीला डुगडुग आली की ती ठरल्या वाटेनं फिरत नाही. थकलं की थांबायचं, आणि कुणी बघायला जमलं की आधी थांबायचं. दुखापती थकव्यात होतात आणि त्याहून जास्त दिखाव्यात.

आणि सगळ्यांत मोठा नियम. हातातून सुटला तर पकडायला जायचं नाही. आपल्याकडे म्हण आहे, पडत्या फळाची आज्ञा. पडत्या सुरीची आज्ञा मात्र एकच असते, हात मागे, पाय मागे, पडू दे. फरशी फुटली तर बदलता येते. हा नियम सांगायला सोपा, पाळायला फार कठीण. कारण पडणारी वस्तू झेलायला हात विचार न करता पुढे जातो. लहानपणापासून आपण हाताला तेच शिकवलेलं असतं. कप पडला, झेल. मूल पडलं, झेल. म्हणून बोथटावर मुद्दाम पाडून, हात मागे घेण्याची सवय लावावी लागते.

हे सगळं माझ्या भाच्याला पाठ होतं. तरी झालं ते सांगतो.

दुसऱ्या सफरीच्या आधी पोरगा दोन महिने घरी होता. बोटांत चांगली सफाई आली होती. मोबाइलवर तो मोठमोठ्या बालिसोंगची दृश्यं बघायचा. बातांगासच्या दुकानांत असे हातभर लांबीचेही मिळतात, दिवाणखान्यात लावायला. मोठ्या चाकूची हौस माणसाला सगळीकडेच आहे. रामपूरकरांनी तर २०२३ मध्ये चौकात वीस फुटी रामपुरी उभारला. पण तो तिथं नुसता उभा आहे, त्याला कुणी फिरवत नाही, म्हणून कुणाला लागतही नाही. आमच्या पोराला फिरवायचा होता. त्याच्या एका दोस्ताचं फॅब्रिकेशनचं दुकान. दोघांनी मिळून ट्रकच्या पाट्याचं लोखंड कापलं, आणि सगळ्या मापांची दुप्पट करून एक बालिसोंग बनवला. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, जाडीही दुप्पट. उघडला की वीस इंच. आणि बोथट ठेवायचा सोडून दोस्तानं हौसेनं ग्राइंडरवर धार काढली.

आता इथं जरा हिशेब ऐका. साधा बालिसोंग उघडून दहा इंच भरतो, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. सगळी मापं दुप्पट केली तर वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं, म्हणजे एक किलो. किराणा दुकानातल्या काट्यावर यांचा नऊशे ग्रॅम भरला. पण खरी गोम पुढे आहे. फिरणारी वस्तू सुरू करायला आणि थांबवायला किती कष्ट पडतात, ते नुसत्या वजनावर ठरत नाही, वजन मध्यापासून किती लांब आहे त्यावरही ठरतं. लांबी दुप्पट झाली की तो हिशेब चौपट वाढतो. आठ गुणिले चार, बत्तीस. चाकू दिसायला दुप्पट, मनगटाला बत्तीसपट.

गंमत अशी की मोठा चाकू भोळा वाटतो. तो सावकाश फिरतो. लहान्याची टकटक इतकी झरझर की डोळ्यांना पातं दिसत नाही. मोठ्याचं पातं येताना दिसतं, जाताना दिसतं. वाटतं, हा तर सोपा. पण लहान चाकू चुकला तर दोन बोटांनी थांबतो. मोठा एकदा निघाला की मनगटाचं ऐकत नाही, त्याचा फेरा तो पुरा करणारच. म्हणून मोठा फिरवायचाच तर रीत वेगळी. बोटांच्या कसरती नाहीत, हवेत उडवणं तर नाहीच. अख्ख्या मुठीची पकड, फिरत मनगटातून नव्हे तर कोपरातून आणि खांद्यातून, मोकळं मैदान, आणि पातं अर्थातच बोथट. थोडक्यात, पुन्हा पहिलीत जाऊन बसायचं. पहिलीत पुन्हा बसायला कुणाला आवडतं?

त्या संध्याकाळी पोरगा पडवीत उभा राहिला, अनवाणी. मी दारात होतो. पहिली फेरी बरोबर गेली. दुसऱ्या फेरीला हाताला लहान चाकूची वेळ आठवली. मूठ आवळली गेली तेव्हा चावरी मूठ अजून वाटेतच होती. ती आवळलेल्या बोटांवर येऊन आदळली, चाकू उसळला, उजव्या हातातून सुटला. आणि डावा हात पुढे गेला. झेलायला.

मी ओरडलो होतो की नव्हतो, मला आठवत नाही. पातं त्याच्या डाव्या तळहातात होतं आणि त्यानं ते घट्ट धरलेलं होतं.

दवाखान्यात नेलं. तळहाताला सात टाके, आणि करंगळीशेजारच्या बोटाची एक शीर अर्धी तुटलेली, म्हणजे बोट वाकवणारी दोरी. ती शिवावी लागली. तरुण डॉक्टरनं आधी कागदावरचं नाव वाचलं, मग जखम बघितली, मग विचारलं, "किती जण होते?" मी म्हटलं, "कुणी नव्हतं. मीच होतो, त्याचा मामा." "मारामारी नाही?" "नाही. खेळत होता." डॉक्टरच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही. मी त्याला दोष देत नाही. असल्या जखमा रात्रीच्या वेळी कशा येतात, ते तो रोज बघतो. पण नाव वाचून आणि जखम बघून त्याच्या मनात जी गोष्ट तयार झाली, ती पुसायला मला अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास मी विसरलेलो नाही.

पोलीसही आले, नियमाप्रमाणे. हवालदार वयानं माझ्याएवढे, शांत माणूस. त्यांनी घरी येऊन चाकू बघितला आणि पट्टी मागवून पातं मोजलं. मग म्हणाले, "काका, हे साडेआठ इंच आहे. नऊच्या वर असतं तर वेगळं बोलावं लागलं असतं." तेव्हा मला कळलं ते तुम्हालाही सांगतो. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या २०१६ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार, ते घरकाम, शेती, उद्योग असल्या कामासाठी बनवलेलं नसेल, तर शस्त्रांच्या यादीत येतं. शिवाय पोलिसांचा मनाई आदेश लागू असला की त्याहून लहान सुरीही घेऊन रस्त्यानं हिंडता येत नाही. खुद्द फिलिपिन्समध्ये, बालिसोंगच्या माहेरी, १९७८ च्या कायद्यानं धारेचं हत्यार घेऊन घराबाहेर फिरायला बंदी आहे, पोटापाण्याच्या किंवा कायदेशीर कामासाठी असेल तरच सूट. ब्रिटननं १९८८ मध्ये त्याची विक्री बंद केली आणि २०२१ पासून घरात ठेवणंही गुन्हा ठरवलं. आमचा पोरगा अर्ध्या इंचानं वाचला, आणि त्याला हे अर्धं इंच ठाऊकच नव्हतं. दोस्ताकडे लोखंडाची पट्टी आणखी थोडी लांब असती तर?

पण शिक्षा व्हायची ती झालीच. जहाजावर चढण्याआधी वैद्यकीय दाखला लागतो. दोर धरता न येणारा हात घेऊन कोण जहाजावर घेणार? नऊ महिन्यांचा करार गेला. आपानं त्या करारावर घराच्या कौलांचा हिशेब बांधला होता. त्या पावसाळ्यात पडवी गळत राहिली. आपा पोराला एका शब्दानंही बोलली नाही, फक्त गळतीखाली बादली ठेवताना बादलीचा आवाज जरा जास्त व्हायचा.

दोस्तानं तो चाकू परत नेला. ग्राइंडरवर धार घालवली, टोक गोल केलं, आणि पात्याला भोकं पाडून वजनही कमी केलं. मीच ते उभं राहून करून घेतलं. मोडून टाक असं सगळे म्हणत होते. मी म्हटलं, मोडू नका. चूक लोखंडाची नाही.

मग चूक कुणाची? हात बरा होईपर्यंत पोरगा आणि मी रोज यावर बोलायचो. तो म्हणायचा, "मामू, मला येत होतं." मी म्हणायचो, "तुला दहा इंचांचं येत होतं." हाताला जे येतं, ते त्या मापापुरतं येतं. माप बदललं की कला तीच दिसते, पण हात नवशिका झालेला असतो, आणि ही बातमी डोक्याला पोचायला वेळ लागतो. मला हे माझ्या धंद्यातही कळायला हवं होतं. चार ओळींची कविता जमते म्हणून चाळीस ओळींची त्याच हातानं लिहायला गेलो की ती कुठं निसटते, ते मी कितीदा बघितलंय. फरक इतकाच की माझ्या कागदावर रक्त सांडत नाही.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली, जी मला लहानपणी आमच्या मौलवीसाहेबांनी शिकवली होती. पैगंबरसाहेबांची शिकवण अशी आहे की बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जायचं असेल तर बाणाची टोकं आपल्या हातात धरून जावं, कुणाला लागू नयेत. तलवारही दुसऱ्याच्या हाती उघडी द्यायची नाही, म्यानात घालून द्यायची. लहानपणी मला वाटायचं, हे बाणांच्या काळातलं बोलणं, आज त्याचा काय उपयोग? आज वाटतं, हत्यार हाताळण्याचा याहून चांगला नियम नाही. टोक कुठं आहे याची जबाबदारी ज्याच्या हातात हत्यार आहे त्याची. बघणाऱ्यानं सावध राहावं ही अपेक्षा धरायची नाही. आणि आमच्यासारख्या नावाच्या पोरानं तर, मी त्याला साफ सांगितलं, बोथट पट्टीसुद्धा खिशात घालून बाजारात जायचं नाही. तुझ्या हातात तो खेळ आहे. बघणाऱ्याच्या नजरेत तो चाकूच आहे, आणि नजरेला धार लावायला ग्राइंडर लागत नाही. हे बरोबर आहे का? नाही. पण ते आहे. चावरी मूठ ओळखून वागायचं, ते फक्त चाकूपुरतं नाही.

सात महिन्यांनी बोट वळायला लागलं. पूर्ण नाही, पण दोर धरण्याइतकं. दाखला मिळाला. आता तो पुन्हा जहाजावर आहे, दुसऱ्या कंपनीच्या. परवा फोन आला. म्हणाला, "मामू, इथं एक नवा पोरगा आहे, केरळचा. त्याला शिकवतोय. बोथट." मी विचारलं, "काय शिकवलंस?" म्हणाला, "अजून काही नाही. हातात घे, बघ, कुठली मूठ ते सांग, ठेव. तीन आठवडे झाले. कंटाळलाय तो."

मी म्हटलं, "कंटाळू दे."

तो मोठा बोथट चाकू आमच्या पडवीत खुंटीला टांगलेला आहे, उंचावर, पोरांचा हात पोचणार नाही असा. कधी कधी मी तो खाली काढतो, बूट घालतो, अंगणात जाऊन एकदाच, सावकाश, खांद्यातून फिरवतो. सुरू करण्याआधी मुठी विलग करून बघतो. आता धारच नाही, तरी बघतो. आपा आतून विचारते, "कुठली?" मी सांगतो, "गरीब." मगच फिरवतो.